फक्त तीन दाणे

तीन दाणे. सकाळी एकदा. फक्त तीन.

हे मला वाचता येत नव्हतं असं नाही. माझ्या मुलीचं अक्षर चांगलं आहे, आणि तो कागद तिने जाड स्केचपेनने लिहून फ्रिजवर बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवला होता. शिवाय खाली माझी सही होती, 'वाचले, समजले' असं लिहून केलेली. अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे, आणि गेली सतरा वर्षं लोकांकडून अशाच सह्या घेतोय. न वाचता सही ठोकणारा माणूस मला शंभर फुटांवरून ओळखू येतो. घरच्या आरशात तो इतकी वर्षं दाढी करत होता, हे मात्र ध्यानात आलं नाही.

सुरुवात कुत्र्यापासून झाली. राजसीला, म्हणजे माझ्या मुलीला, कुत्रा हवा होता. ती दहा वर्षांची आहे. "कुत्रा म्हणजे खेळणं नव्हे, जबाबदारी असते," मी म्हणालो, आणि एकदा हा शब्द तोंडात आला की मी लवकर आवरत नाही. कंपनीच्या गेटवर 'सुरक्षा ही प्रत्येकाची जबाबदारी' असा जो बोर्ड आहे, तो मीच रंगवून घेतलाय. त्याखाली 'आज अपघाताविना दिवस' असा एक आकडा असतो, तो रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने बदलतो. तर पाऊण तास बोलल्यावर मी या निष्कर्षाला आलो, की जबाबदारी शिकायची तर माशापासून सुरुवात करावी. मासा भुंकत नाही, चावत नाही, त्याला फिरवायला न्यावं लागत नाही.

"म्हणजे जबाबदारी शिकवायचीय, पण तुम्हाला त्रास नको," माझी बायको तेजल आतून म्हणाली. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आमची सोसायटी बदलापूरला मांजर्लीत आहे. नदी जवळ असल्यामुळे तळमजल्यावरचे लोक दर जुलैत फ्रिज ओट्यावर चढवून ठेवतात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे निवांत. पण सोसायटीत पाळीव प्राणी आणायचा तर अर्ज करावा लागतो, आणि मी नियमाने वागणारा माणूस, म्हणून सेक्रेटरी भावनाताईंकडून फॉर्म आणला. प्राण्याची जात. लस टोचल्याचा दाखला. जिन्यातून नेताना गळ्यात पट्टा असेल काय? मी सगळीकडे 'लागू नाही' लिहिलं. फॉर्म परत आला. "जितेशदादा, 'लागू नाही' चालत नाही. हो लिहा नाहीतर नाही लिहा," भावनाताई म्हणाल्या. "उद्या कुणी आक्षेप घेतला तर मी काय दाखवू?" शेवटी मी 'पट्टा बांधण्यात येईल' असं लिहून दिलं. तो फॉर्म आजही सोसायटीच्या फाइलला आहे.

टाकी घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. तीन नंबर कॅम्पात जेठानंद शेठ म्हणून सत्तरीचे एक सिंधी गृहस्थ आहेत, त्यांचं मासे आणि टाक्यांचं दुकान आहे. त्यांनी टाकी दिली, पंप दिला, फिल्टर दिला, खडे दिले. मी म्हटलं, "आता तो केशरी मासा द्या." तर म्हणाले, "मछली अभी नहीं, साईं. पहले पानी पकाओ."

धंदा करणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला माल नाकारलेला मी उल्हासनगरात पहिल्यांदाच पाहत होतो. "तीन हफ्ते टाकी रिकामी चालू ठेवायची," ते म्हणाले, "पंप चालू, फिल्टर चालू. रोज दोन-तीन दाणे टाकायचे. ते सडणार, मग पाण्यात जान येणार. नया पानी मुर्दा होता है."

मी जरा हसून म्हटलं, "शेठ, मी पाण्यातलाच माणूस आहे. आमच्या कंपनीत सांडपाण्याचा प्लांट माझ्याच देखरेखीखाली चालतो."

"वो फॅक्टरी का पानी है, साईं. उसमें मछली थोड़ी रहती है," ते म्हणाले. मला हे लागलं. राजसी मात्र वही काढून लिहून घेत होती. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं म्हणजे त्यातलं क्लोरिनचं औषध उडून जातं. पाणी बदलायचं ते कधीही पूर्ण नाही, पाव टाकी. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात खळबळायचा. मला वाटलं, पोरगी शेंडी लावून घेतेय.

मग तीन आठवडे आमच्या हॉलमध्ये रिकामी टाकी बुडबुडे सोडत बसली आणि सगळी बिल्डिंग ती बघून गेली. पहिल्या मजल्यावरचे महिपतीकाका, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आणि शास्त्र जाणणारे, म्हणाले, "जितेशराव, टाकी ईशान्येला सरकवा. आणि एक काळा मासा ठेवाच. घरावरची दृष्ट तो स्वतःवर घेतो." मी म्हटलं, अजून एकही मासा नाही. "मग दृष्ट कोण घेतंय सध्या?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. समोरच्या कीर्तीताई काचेला नाक लावून म्हणाल्या, "मासे कुठायत? लाजतात का?" मी राजसीच्या मागे लागलो, की बाई, चार दिवस आधी आणला तर काय आभाळ कोसळणार आहे? ती म्हणाली, "अंकल म्हणाले एकवीस दिवस." आणि एकविसाव्या दिवशीच बुंदी घरी आली.

बुंदी म्हणजे तो केशरी मासा. लाडवातल्या बुंदीचा रंग, म्हणून बुंदी. राजसीने तिचं सगळं केलं. शाळेत जायच्या आधी दाणे, रविवारी पाव टाकी पाणी, बाल्कनीत उघडी बादली. तीन महिन्यांत एकदाही तिला आठवण करून द्यावी लागली नाही. माझं काम एवढंच उरलं, की येईल त्याला टाकीपुढे उभं करून 'मुलांना जबाबदारी कशी शिकवावी' हे सांगणं. कंपनीत एका भाषणात मी बुंदीचा फोटोसुद्धा दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाद्रपदात शाळेचं तीन दिवसांचं निसर्ग शिबिर निघालं, बारवी धरणाच्या बाजूला. राजसी जाऊ की नको करत होती. मी म्हटलं, "जा गं बिनधास्त. मी आहे ना." तेव्हा तिने तो कागद लिहिला. मजकूर असा होता:

'बाबासाठी. एक, सकाळी तीन दाणे, फक्त तीन. दोन, बुंदी काचेजवळ येऊन तोंड उघडते. तिला भूक नसते, सवय आहे. फसू नकोस. तीन, पाहुण्यांना खायला घालू देऊ नकोस. चार, काही झालं तर पाणी बदलू नकोस, जेठानंद अंकलना फोन कर.' खाली त्यांचा नंबर.

"वाच आणि सही कर," ती म्हणाली. मी हसत हसत सही केली. बसमध्ये चढताना तिने खिडकीतून तीन बोटं दाखवली. मला वाटलं, तीन दिवसांनी येते म्हणतेय.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा माझे वडील. शेवटची दोन वर्षं ते माझ्याकडेच होते आणि त्यांना साखरेचा आजार होता. अप्पांना खीर फार आवडायची. घरात कधी खीर झाली की ते ताट पुढे करून माझ्याकडे बघायचे, आणि मी चमच्याने मोजून द्यायचो. एक चमचा. डॉक्टरांचा कागद भिंतीवर होता. "अजून एक दे रे," असं ते म्हणाले की मी त्यांना रिपोर्ट वाचून दाखवायचो. वागणं बरोबरच होतं माझं, डॉक्टरही म्हणाले. पण माणूस गेल्यावर बरोबर वागल्याचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

त्यांचं गेल्या वर्षीचं श्राद्ध गावी थोरल्या भावाने केलं. यंदा पहिल्यांदाच माझ्या घरी होतं, राजसीच्या शिबिराच्या पहिल्याच दिवशी. तेजलने पहाटेपासून खपून वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. मी गच्चीवर पान ठेवलं आणि हात जोडून बाजूला उभा राहिलो.

कावळा येईना. कबुतरं ढिगाने आली, एक मांजर आलं, भावनाताई "गच्चीवर खाद्यपदार्थ ठेवायला परवानगी घेतलीत का" म्हणून आल्या, पण कावळा म्हणून नाही. दीड तास झाला. महिपतीकाका वर आले. म्हणाले, "अप्पांची काही इच्छा राहिली असेल. बोला मनातल्या मनात." मी बोललो. गावच्या घराची कौलं बदलून देतो म्हणालो. भावाशी भांडणार नाही म्हणालो. शेवटी अगदी हळू म्हणालो, "अप्पा, खीर भरपूर वाढलीय. मोजली नाही." तरी नाही.

"मग जलचर," काका म्हणाले. "कावळा नाही तर गाय, गाय नाही तर जलचर. शास्त्रात आहे. कणकेच्या गोळ्या करायच्या, खिरीत बुडवायच्या, पाण्यात सोडायच्या." मी म्हटलं, नदीला पाणी चढलंय, अशा वेळी काठावर जाणं सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नाही. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "घरात जलचर पाळून ठेवलाय आणि नदीवर कशाला जाता?"

आम्ही खाली आलो. बुंदी काचेशी आली आणि तिने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

मला कागद आठवला. खोटं कशाला बोलू, चांगला आठवला, तो समोरच होता. पण अप्पा ताट पुढे करून बघायचे ते जास्त आठवलं. मी एक गोळी सोडली. तिने गट्टम केली. "पोचलं!" काका ओरडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरी सोडली, तिसरी सोडली. "अप्पा, घ्या," असं काहीतरी मी म्हणत होतो. किती सोडल्या, सांगता येणार नाही. त्या दिवशी मला काहीच मोजायचं नव्हतं.

"अहो, बस करा. पोरीने काय लिहून ठेवलंय?" तेजल दारातून म्हणाली.

"आजचा दिवसच वेगळा आहे," मी म्हणालो. माझ्याच कंपनीत हे वाक्य कुणी म्हटलं असतं, तर त्याच्यावर मी दोन पानी रिपोर्ट लिहिला असता.

इथेच थांबलं असतं तरी बुंदी कदाचित वाचली असती. पण महिपतीकाकांच्या पोटात गोष्ट राहत नाही. अर्ध्या तासात कीर्तीताई पान घेऊन दारात. त्यांच्या सासऱ्यांनाही सकाळपासून कावळा शिवला नव्हता. "दादा, एवढा एकच घास. सासरे माझे फार मानी होते हो, ताटकळत ठेवलेलं त्यांना आवडायचं नाही." नाही कसं म्हणणार? मग बी विंगचे दोघे आले. मग एक बाई आपल्या आत्याचं पान घेऊन आल्या, आत्याच्या श्राद्धाची तिथीच त्यांना ठाऊक नव्हती, पण आलोच आहोत तर म्हणून. संध्याकाळपर्यंत आमच्या हॉलमध्ये चपलांचा ढीग पडला होता आणि मी टाकीशेजारी उभा राहून "एकेक, एकेक, गर्दी करू नका" म्हणत होतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. बिल्डिंगमध्ये अकरा वर्षं राहतोय, पण इतक्या लोकांनी मला एका दिवसात नमस्कार कधी केला नव्हता. भावनाताई येऊन म्हणाल्या, "पाळीव प्राण्याचा सार्वजनिक उपयोग होत असेल तर वेगळा अर्ज लागेल." आणि मग हळूच, "उद्या माझ्या आईचं आहे. सकाळी आले तर चालेल?"

सकाळी टाकीतलं पाणी तांदळाच्या पेजेसारखं पांढरं झालं होतं. बुंदी वर तरंगत्या तवंगाशी येऊन तोंड उघडमीट करत होती. भावनाताई म्हणाल्या, "बघा, कशी वाट बघतेय." मलाही आधी तसंच वाटलं. मग नीट पाहिलं, आणि ती खायला मागत नव्हती, ती श्वास घेत होती.

चौथी सूचना होती फोन करायची. फोन माझ्या हातात होता. पण जेठानंद शेठना काय सांगू? सोसायटीतल्या सात पितरांना जेवू घातलं? आणि तेही 'मी पाण्यातला माणूस' म्हणून आलेल्याने? मला लाज वाटली. एवढंच कारण. त्या एका लाजेपायी मी फोन खिशात ठेवला आणि स्वतःचं डोकं चालवलं. सांडलं की उपसायचं, घासायचं, स्वच्छ पाणी मारायचं, हे मी सतरा वर्षं शिकवत आलोय. बुंदीला पातेल्यात काढलं. टाकी पार रिकामी केली. खडे नळाखाली चोळचोळून धुतले, काच पुसली, फिल्टरचा स्पंज पिळपिळून इतका साफ केला की तेजलही म्हणाली, कधी स्वयंपाकघराचा ओटा असा पुसला नाहीत. मग नळाला पाइप लावून टाकी काठोकाठ भरली. पाण्याला औषधाचा घमघमाट येत होता. मला तो स्वच्छतेचा वास वाटला. आदल्याच दिवशी सोसायटीची टाकी धुऊन त्यात पावडर टाकली होती आणि खाली बोर्डवर तशी सूचना लावली होती, हे मला नंतर कळलं. सूचना लावणारे आपण, वाचणारे दुसरे, अशी माझी एकंदर समजूत होती.

पाणी आरशासारखं लख्ख झालं. बुंदी त्यात सोडली, तेव्हा तिने दोन फेऱ्या वेगात मारल्या, आणि मी तेजलला हाक मारून म्हटलं, "बघ, ताजीतवानी झाली." दुपारी दोनला ती एका कुशीवर झाली आणि मग हललीच नाही.

आता मी फोन केला. जेठानंद शेठनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. मग म्हणाले, "साईं, पानी जिंदा था. बच्ची ने पकाया था. तुमने धो डाला." आणि लगेच, "दुकान पे आ जाओ. सेम टू सेम दूसरी दे दूंगा. बच्ची को पता नहीं चलेगा."

मी गेलो. हे सांगायला बरं वाटत नाही, पण गेलो. स्कूटर काढून उल्हासनगरला गेलो आणि दुकानात चाळीस केशरी मासे असलेल्या टाकीपुढे उभा राहिलो. शेठ जाळी घेऊन म्हणाले, "कैसी थी? बोलो."

बुंदीच्या शेपटीजवळ एक पांढरा ठिपका होता. डाव्या बाजूला की उजव्या? एक होता की दोन? तीन महिने मी रोज त्या टाकीपुढे उभा राहून भाषणं दिली होती आणि मला सांगता येईना. राजसीला डोळे झाकून सांगता आलं असतं. शेठ जाळी धरून थांबले होते. मी म्हटलं, "राहू द्या," आणि परत आलो.

शिबिराहून राजसी आली तेव्हा तिच्या बुटांना लाल चिखल होता आणि हातात बुंदीसाठी आणलेला एक गुळगुळीत दगड होता. तेजल तिला जवळ घेऊन म्हणाली, "बाळा, बुंदी गेली." राजसी टाकीपाशी गेली. पाण्याकडे बघितलं. मग मला विचारलं, "किती दाणे दिले होतेस?"

मी तयारी केली होती. स्कूटरवर येताना सगळं वाक्य न् वाक्य पाठ केलं होतं. आणि तोंडातून आलं, "तीन. रोज तीनच."

तेजलने माझ्याकडे बघितलं आणि ती आत निघून गेली.

"मग माझंच चुकलं," राजसी म्हणाली. "रविवारी मी पाणी बदललं तेव्हा बादली आदल्या संध्याकाळी भरली होती. पूर्ण दिवस झाला नव्हता. म्हणून झालं." ती रडली नाही, ओठ घट्ट मिटून उभी राहिली. "सॉरी बाबा. तू म्हणाला होतास, जबाबदारी असते."

मी काय केलं असेल? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चुकांतूनच माणूस शिकतो." अशी वाक्यं माझ्याकडे तयार असतात. आम्ही बुंदीला बाल्कनीतल्या कुंडीत पुरलं, राजसीने वर तो दगड ठेवला. तेजल त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. "पोरीला कधी सांगणार आहात?" एवढंच तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, योग्य वेळ बघून. मग आठ दिवस मी योग्य वेळ बघत राहिलो. सकाळी ती घाईत असायची, संध्याकाळी मी दमलेला असायचो, आणि रविवारी कशाला तिचा दिवस खराब करायचा? अपघात दडवणाऱ्यांची कारणं मी फाइलला लावून ठेवत असतो. त्यात इतकी पोचट कारणं नाहीत.

आठव्या दिवशी कंपनीत बारकू माझ्या केबिनमध्ये आला. बारकू वांगणीच्या अलीकडच्या एका पाड्यावरून येतो, मिक्सिंगला काम करतो, पन्नाशीचा माणूस. आदल्या दिवशी एका व्हॉल्वमधून थोडं द्रावण गळून गेलं होतं. कुणाला काही झालं नव्हतं, आणि व्हॉल्व जुना म्हणून मी रिपोर्टही लिहून टाकला होता. बारकू दारातच उभा राहून म्हणाला, "साहेब, त्यो व्हॉल्व जुना न्हाय. मीच उघडा ठेवला व्हता. इसरलो."

मी म्हटलं, "कुणी पाहिलं नव्हतं, बारकू. मग सांगायला का आलास?"

"तुम्ही कागदावर दुसरंच ल्हिलं ना," तो म्हणाला. "व्हॉल्व बघायचं काम रातपाळीच्या सदूचं. त्यो फुकट बोलनी खाईल."

त्याला खुर्चीवर बसवून मी चहा सांगितला. नोकरी जाईल का, असं त्याने विचारलं, मी नाही म्हटलं. मग मी लवकर सुट्टी टाकून घरी आलो.

राजसी अभ्यासाला बसली होती. मी समोर बसलो आणि पाठ केलेलं काहीही न बोलता म्हणालो, "बादलीचं काही चुकलं नव्हतं. मी तीन दाणे दिले नाहीत. पुष्कळ दिलं, लोकांनाही देऊ दिलं. मग सगळं पाणी ओतून टाकलं आणि नळाचं भरलं. बुंदी माझ्यामुळे गेली. आणि मी तुझ्याशी खोटं बोललो."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "मला माहितीय," ती म्हणाली. "कीर्तीकाकूंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. म्हणाल्या, तुझ्या माशाने आमच्या सासऱ्यांना जेवू घातलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

आठ दिवस ती थांबली होती. आठ दिवस माझ्याबरोबर जेवली, शाळेचं सांगितलं, स्कूटरवर मागे बसली, आणि थांबली होती. अप्पा गेले तेव्हाही मला इतकं लहान झाल्यासारखं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलो मी." ती "हं" म्हणाली आणि पुन्हा पेन्सिल उचलली. मिठी वगैरे काही मारली नाही. तेजलने मात्र त्या रात्री माझ्या पानात भाजी वाढताना 'अजून हवी का' असं आठ दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

अप्पांना मोजून दिलं आणि बुंदीला न मोजता. दोन्ही वेळा मला वाटत होतं, आपण काळजी घेतोय. दोन्ही वेळा समोरच्याकडे मी नीट बघितलंच नव्हतं. अप्पांना एक चमचा खीर आणखी दिली असती तर काही बिघडलं नसतं, हे आता कळून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी मी जेठानंद शेठना फोन केला. म्हणाले, "फिर से पकाना पड़ेगा, साईं. इक्कीस दिन. शॉर्टकट नहीं है." मी बादली भरून बाल्कनीत ठेवली, दिवसभर उघडी. टाकी भरली, पंप लावला. राजसीने यात काही भाग घेतला नाही. मी विचारलं, मासा आणायचा का नंतर? ती म्हणाली, "तुला आणायचा तर आण. तो तुझा असेल. माझी बुंदी होती."

तर सध्या मी रोज सकाळी कंपनीत जायच्या आधी रिकाम्या टाकीत तीन दाणे टाकतो. महिपतीकाकांनी दारातून बघितलं. "जितेशराव, मासा तर नाही. मग दाणे कुणाला घालता?"

"पाण्याला," मी म्हटलं.

काकांनी क्षणभर विचार केला. "पाण्यालाही पोचतं," ते म्हणाले. "शास्त्रात आहे." कीर्तीताईंनी बिल्डिंगभर केलंय, की दादांनी फारच मनाला लावून घेतलं. भावनाताईंनी जुना फॉर्म रद्द करायला सांगितलाय, पण 'प्राणी हयात नसल्यास' असा त्यात रकाना नाही म्हणून काम अडलंय.

काल सतरावा दिवस होता. मला उशीर झाला होता. एका हातात डबा, एका हातात हेल्मेट, तशीच चिमूट भरली, टाकीवर सोडली आणि वळलो. मागे राजसी दप्तर लावून उभी होती. या टाकीबद्दल ती इतक्या दिवसांत स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "चार होते."

मी पाण्यात बघितलं. खरंच चार होते. एक खड्यांच्या दिशेने हळूहळू खाली चालला होता. मी डबा खाली ठेवला, हेल्मेट खाली ठेवलं, बाही कोपरापर्यंत वर केली आणि पाण्यात हात घातला. राजसी शाळेला निघाली नाही. दाणा बाहेर येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.